ज्या मोर्चात मी गेलो नाही

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. द्वारसभा, काळ्या फिती, धरणं, एक दिवसाचा संप, आझाद मैदानावरचा मोर्चा हे सगळं मी केलं आणि इतरांकडून करवून घेतलं. वेतनकराराची बोलणी बंद खोलीत होतात हे खरं. पण आतला माणूस आपलं किती ऐकून घेईल, हे बाहेर किती माणसं उभी आहेत यावर ठरतं, असं मी नव्या सभासदांना सांगत असे. मागणी कितीही न्याय्य असो, ती मागणारे कुणाला दिसलेच नाहीत तर तिचा कागद कपाटात जातो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरीही माझ्या स्वतःच्या मागणीच्या बाबतीत मी बरोबर उलटा वागलो. मी समलिंगी आहे. माझा जोडीदार आणि मी नव्वदच्या दशकापासून एका घरात राहतो. तो महापालिकेच्या शाळेत शिक्षक होता. आम्हांला कायद्याने लग्न करायचं आहे. या मागणीसाठी रस्त्यावर यायला मी वर्षानुवर्षं नकार दिला आणि जे यायला निघाले होते त्यांनाही थांबवलं. ते का केलं आणि त्याचं काय झालं, हे आता लिहायला हवं असं मला वाटतं.

मुंबईतला पहिला मोठा मोर्चा १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघून गिरगाव चौपाटीवर गेला. जोडीदार गेला होता. ओळखले जाऊ नये म्हणून बऱ्याच जणांनी मुखवटे घातले होते, त्यानेही घातला. मी घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो पाहिले. टाळ्या वाजवणारे हिजडे, भडक साड्या, पिसांचे गळपट्टे, नाचणारी पोरं. मला लाज वाटली, आणि ती लाज मी त्याच्यावर रागाच्या रूपाने काढली. "या नाचगाण्याने कुठला कायदा बदलणार आहे? लोक बिथरतील फक्त. हे काम कोर्टात होईल, शांतपणे होईल." तो एवढंच म्हणाला, "तू बारा महिने घोषणा देतोस, त्या वेळी लोक बिथरत नाहीत?" मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या बाबतीत आमच्या बाजूने निकाल दिला आणि मला वाटलं, माझंच म्हणणं खरं ठरलं. वकील जिंकले, रस्ता नाही. मला त्या वेळी जे ठाऊक नव्हतं आणि मी शोधलंही नव्हतं, ते असं की ही सगळी लढाई सुरूच रस्त्यावर झाली होती. ११ ऑगस्ट १९९२ रोजी दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर मूठभर माणसांनी निदर्शनं केली होती. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाची ती माणसं. याच गटाने १९९१ मध्ये एक अहवाल काढला होता. त्यातल्या मागण्यांमध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्या, ही मागणी स्पष्ट शब्दांत आहे. १९९१ मध्ये! मी आणि माझा जोडीदार तेव्हा भेटलोही नव्हतो. ज्यांना मी नुसती आरडाओरड करणारे समजत होतो, त्यांच्यासारख्यांनीच माझ्या लग्नाचा विषय पहिल्यांदा कागदावर आणला होता.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या निकालपत्रात आम्हांला लोकसंख्येतला अगदी नगण्य अंश म्हटलं होतं. दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी लोकांवर खटले चालले, असंही त्यात होतं. संघटनेतल्या माणसाला या वाक्यांचा अर्थ लगेच कळायला हवा होता. व्यवस्थापन नेहमी हेच म्हणतं, तुमचे सभासद आहेत किती? त्याला उत्तर म्हणून आपण डोकी दाखवतो. १५ डिसेंबरला देशात आणि परदेशात कितीतरी शहरांमध्ये निदर्शनं झाली. जोडीदाराने दारात चपला घालता घालता विचारलं, "येतोस?" मी पुनर्विचार याचिकेबद्दल काहीतरी बोललो.

त्याच आठवड्यात माझ्या शाखेतली एक तरुण अधिकारी माझ्याकडे आली. माझ्याबद्दल तिला अंदाज होता, तिच्याबद्दल मला. तिने हळूच विचारलं, "सर, रविवारी तुम्ही असणार ना? तुम्ही असलात तर मीही येईन." मी तिला सांगितलं की तुझा प्रोबेशनचा काळ संपलेला नाही, कुणी फोटो काढला तर अडचण होईल, जाऊ नकोस. तिने ऐकलं. त्या सल्ल्यातली काळजी खोटी नव्हती, नोकरी जाण्याची भीती खरीच असते. पण हीच मुलगी संपाच्या दिवशी माझ्या शब्दावर शाखेच्या दारात उभी राहिली होती. तेव्हा मी तिला म्हटलं होतं की घाबरू नकोस, संघटना तुझ्या मागे आहे. या वेळी तिच्या मागे उभं राहायची पाळी माझी होती.

संसदेकडून आशा धरावी तर तिथे काय झालं तेही सांगतो. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी कलम ३७७ बदलण्यासाठी खासगी विधेयक मांडायची परवानगी मागितली. लोकसभेने ते मांडूच दिलं नाही. २४ मतं बाजूने, ७१ विरोधात. चर्चासुद्धा झाली नाही. खासदाराला मतदारसंघात या विषयावर कुणी कधी गाठलेलंच नसेल, तर त्याने बाजूने हात का वर करावा?

मग ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल आला आणि ३७७ मधला आमच्याविरुद्धचा भाग गेला. मी त्या दिवशी रडलो. पुन्हा सगळं श्रेय वकिलांना आणि न्यायाधीशांना दिलं. आज मी त्या खटल्यातली एक वेगळी गोष्ट बघतो. केंद्र सरकारने तेव्हा कडवा विरोध केला नाही, निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोपवला. २०१३ पासून २०१८ पर्यंत गावोगावी मोर्चे निघत राहिले, त्यांत आईवडील येऊ लागले, मुखवटे कमी होत गेले. पुण्यात तर २०११ पासूनच मोर्चा निघत होता. ज्या वर्षी सरकार गप्प राहिलं, त्याआधीची पाच वर्षं आमची माणसं गप्प नव्हती. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता लग्नाच्या याचिकांकडे येतो, कारण माझी खरी चूक तिथे आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात हैदराबादच्या सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली. मागून आणखी याचिका आल्या. मी निवृत्त झालो होतो, उत्साह खूप होता. आम्ही काही ओळखीच्या लोकांनी ठरवलं की महाराष्ट्रातल्या जोडप्यांची निवेदनं गोळा करायची, मराठीतली इंग्रजीत करायची आणि वर्तमानपत्रांना, वकिलांना पाठवायची. भाषांतराचं आणि निवडीचं काम माझ्याकडे आलं. कागद चांगले आले. मी त्यांतून निवडले ते असे: दोघेही पगारदार, स्वतःचा फ्लॅट, आयकराचं विवरणपत्र, शक्य तर परदेशी शिक्षण. कुणी आक्षेप घेऊ नये अशी माणसं मला पुढे करायची होती. मोर्चातले चेहरे मागे ठेवायचे होते. २०२० मध्ये पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानावरून मोर्चाला परवानगी नाकारली होती. तेवढं कारण पुढे करून, या वेळी मोर्चा नकोच, न्यायाधीशांवर दबाव आणल्यासारखं दिसेल, असं मी बैठकीत सांगितलं. माझं वय आणि माझा संघटनेतला अनुभव यांमुळे लोकांनी ऐकलं.

बाजूला ठेवलेल्या कागदांत इचलकरंजीचा एक होता. दोघांतला एक यंत्रमागावर कामाला, दुसऱ्याची चहाची गाडी. बारा तासांची पाळी, एक खोली, घरमालकाला भाऊ म्हणून सांगितलेलं नातं. एकाला कावीळ झाली तेव्हा दुसऱ्याने गाडी बंद ठेवून शुश्रूषा केली आणि त्यात भांडवल संपलं. वहीच्या रेघी पानावर लिहिलेला, शुद्धलेखनाच्या चुका असलेला तो कागद. वाचताना माझा गळा दाटून आला होता आणि तरी मी तो बाजूला ठेवला.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राचं म्हणणं कोर्टात दाखल झालं. समलिंगी विवाहाची मागणी हे केवळ शहरी उच्चभ्रू वर्गाचं मत आहे, असा त्यातला मुद्दा होता. मी तो वाचला आणि माझ्या टेबलावरचा गठ्ठा पाहिला. त्या गठ्ठ्यात शहरी उच्चभ्रू वर्गच होता. मीच तो तसा रचला होता. सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सरकारला सुनावलं की ही मागणी शहरी किंवा उच्चभ्रू आहे असं दाखवणारी कुठलीही आकडेवारी तुमच्याकडे नाही, आणि निकालातही त्यांनी हा मुद्दा खोडून काढला. पण देशातल्या लोकांच्या मनात तो राहिला तो राहिलाच. ज्यांच्याकडे पाहून कुणालाही ते खोटं वाटलं असतं, ती माणसं दर वर्षी मोर्चाच्या अग्रभागी चालत होती. कामाठीपुऱ्यातून, कुर्ल्यातून, नालासोपाऱ्यातून आलेली. त्यांची मला लाज वाटत होती.

काही दिवसांनी इचलकरंजीहून फोन आला. "साहेब, आमचा कागद पाठवला न्हाईसा काय?" मी म्हटलं, जागा कमी होती. तो म्हणाला, "बरं बरं, ऱ्हाऊ दे." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला हे पहिल्यांदा ऐकावं लागत नव्हतं, एवढं मला समजलं. जागा कमी होती हे मी त्याला खोटं सांगितलं होतं.

सुनावणी १८ एप्रिलपासून ११ मेपर्यंत चालली. ती थेट प्रक्षेपित होत होती आणि आम्ही दोघं रोज टीव्हीसमोर बसत होतो. त्याच दरम्यान देशातल्या वकिलांच्या शिखर परिषदेने ठराव केला की ९९.९ टक्क्यांहून अधिक भारतीय या विवाहांच्या विरोधात आहेत. असा आकडा कुणी कुठून आणला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बाहेर रस्ता रिकामा असला की कुणीही कुठलाही आकडा सांगू शकतो. त्या काळात आमच्या बाजूने उठलेल्या आवाजांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'स्वीकार' या पालकांच्या गटाचा. चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सह्यांनिशी. ते लोक घाबरले नाहीत. मी मात्र शांतता राखा म्हणून सांगत फिरत होतो.

आणखी एक तपशील कुणी फारसा लक्षात ठेवलेला नाही. केंद्राने राज्यांची मतं मागवली होती. सात राज्यांची उत्तरं आली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध केला. महाराष्ट्राने विरोध केला नाही आणि पाठिंबाही दिला नाही, आणखी वेळ मागितला. म्हणजे माझ्या राज्याचं मत ठरायचं होतं. अशा वेळी काय करतात हे मला माहीत होतं. शिष्टमंडळ नेतात, निवेदन देतात, मंत्रालयाच्या दिशेने मोर्चा काढतात. आम्ही निकालाची वाट पाहत बसलो.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल आला. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत. सरन्यायाधीश आणि न्यायमूर्ती कौल यांनी निदान नात्याला कायदेशीर मान्यता द्यायची तयारी दाखवली, पण तीन विरुद्ध दोन मतांनी तेही गेलं. कायदा करायचा तर तो विधिमंडळाने करावा. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. ज्या दाराला टाळण्यासाठी मी सगळ्यांना कोर्टाची वाट धरायला सांगितलं होतं, त्याच दाराशी कोर्टाने आम्हांला पाठवलं. आणि तिथे जाताना आमच्यामागे उभं राहील असं लोकमत तयार करायचं काम मी होऊ दिलं नव्हतं.

माझा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. निकालाच्या रात्री त्याने मला फोनवर तिकडची २००८ ची हकीकत सांगितली. तिथे न्यायालयाने लग्नाचा हक्क दिला होता, तो काढून घेण्यासाठी 'प्रस्ताव ८' मतदानाला आला. हक्काच्या बाजूच्या प्रचारकांनी लोक बिचकू नयेत म्हणून टीव्हीवरच्या जाहिरातींत समलिंगी जोडपी दाखवायचीच टाळली. ज्यांच्या लग्नाचा प्रश्न होता तीच माणसं पडद्यावर नव्हती. ४ नोव्हेंबरला सुमारे ५२ टक्के मतांनी हक्क गेला. त्यानंतर लोक घराबाहेर पडले. १५ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या शेकडो गावांत एकाच दिवशी निदर्शनं झाली, आणि तिथून पुढे चळवळीने जोडप्यांना लपवणं बंद केलं. जून २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर हा हक्क मान्य केला. "मामा, आम्हीही आधी सभ्य दिसायचा प्रयत्न केला होता," असं तो म्हणाला. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

मोर्चा काढला की कायदा होतोच असं नाही. तैवानमध्ये २०१६ च्या डिसेंबरात प्रचंड सभा झाली, २०१७ मध्ये तिथल्या घटनापीठाने बाजूने निकाल दिला, आणि तरी २०१८ च्या सार्वमतात आमच्यासारखे लोक हरले. पण हरल्यावरही ते परत आले. १७ मे २०१९ रोजी कायद्याचं एकेक कलम मताला टाकलं जात होतं, तेव्हा संसदेबाहेर पावसात हजारो माणसं उभी होती. कायदा झाला. बाहेर कुणी नसतं तर आतल्या सदस्यांनी काय केलं असतं, हे संघटनेत काम केलेला माणूस सांगू शकतो.

माझ्या स्वतःच्या बाबतीतली सगळ्यात टोचणारी गोष्ट पेन्शनची आहे. बँकेतल्या निवृत्ताच्या मागे त्याच्या पती-पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते आधी १५, २० आणि ३० टक्के अशा टप्प्यांनी आणि ९,२८४ रुपयांच्या कमाल मर्यादेत होतं. एवढ्यात विधवेने कसं भागवायचं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. निवृत्तीनंतरही मी धरण्यांना जाऊन बसलो. २५ ऑगस्ट २०२१ रोजी ती मर्यादा उठली आणि सरसकट ३० टक्के मान्य झाले. त्या दिवशी मी पेढे वाटले. माझ्या मागे माझ्या जोडीदाराला यातला एक रुपयाही मिळणार नाही, कारण कायद्याच्या लेखी तो माझा कुणी नाही. दुसऱ्यांच्या बायकांसाठी मी उन्हात बसलो याचा मला अभिमान आहे. त्याच्यासाठी बसलो नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्याने स्पष्ट केलं की समलिंगी व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि नामनिर्देशन करायला आडकाठी नाही. वर्तमानपत्रांनी मोठ्या बातम्या दिल्या. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, कुठल्याही दोन व्यक्तींना संयुक्त खातं आधीही उघडता येत होतं. नामनिर्देशित व्यक्तीही पैशाची मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते. वारसाचा हक्क लग्नाने येतो. तो आम्हांला मिळालेला नाही.

निकालानंतरच्या मोर्चात मी पहिल्यांदा गेलो. फार चालवत नव्हतं. माझ्या शेजारून चालणाऱ्या एका वयस्क हिजड्याने माझा हात धरून मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि पाण्याची बाटली दिली. "दमलात ना काका? बसा. मी थांबते." ती खरंच थांबली. कुणीतरी काढलेला आमचा फोटो आमच्या पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप गटावर पोचला. मला वाटलं होतं की लोक गट सोडतील. दोघांनी सोडलाही. पण माझ्याबरोबर उभ्या आयुष्यात शेकडो द्वारसभा केलेल्या एका सहकाऱ्याचा रात्री फोन आला. तो चिडलेला होता. "अरे, म्हणजे तुझ्या माणसाला फॅमिली पेन्शन नाही? आणि तू आमच्यासाठी बसायचास? हे मागणीपत्रकात का नाही घातलंस?" इतकी वर्षं कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता, कारण विचारायला कुणाला काही दिसलंच नव्हतं. तो प्रश्न एका फोटोने उभा केला. मोर्चाचं मोल मला त्या फोनमध्ये समजलं.

इचलकरंजीला मी जाऊन आलो. खरं काय झालं ते दोघांना सांगितलं. चहाच्या गाडीवाल्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता कुठं यायचं?"

त्याला जे उत्तर दिलं तेच इथे देतो. विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे राज्याच्या विधिमंडळालाही त्यावर कायदा करता येतो. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, तेव्हा महाराष्ट्रातून हा विषय उचलणारं कुणी नाही असंही नाही. दर हिवाळ्यात नागपूरला अधिवेशनावर अंगणवाडी सेविका, कोतवाल, विनाअनुदानित शिक्षक मोर्चे घेऊन जातात. पोलीस अडवतात, शिष्टमंडळ आत जातं, मंत्री निवेदन घेतात. आमचं निवेदन तिथे जायला हवं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मागितलेला वेळ पुष्कळ झाला, आता उत्तर द्या, एवढंच त्यात लिहायचं आहे.

ज्यांना नोकरीची, घराची भीती आहे त्यांनी मुखवटा घालून यावं. २००८ मध्येही लोक तसेच आले होते. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपल्या आमदाराला पत्र टाकावं. आणि माझ्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांना वेगळी विनंती: पुढच्या मागणीपत्रकात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सभासदाने जाहीर केलेला जोडीदार ग्राह्य धरा, हे कलम घाला आणि त्यासाठी द्वारसभा लावा. मी हजर राहीन. या वेळी तो माझ्याबरोबर असेल.